रिपोर्ट नॉर्मल होता, इथिलीन मात्र वाढत होतं

डीजीएच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेल्या गॅसच्या तपासणीच्या (आत काही तापलं की तेल फुटून गॅस सुटतात), रिपोर्टखाली "सर्व मूल्ये मर्यादेत" असं छापून आलं की आपण सगळेच काय करतो ते मला माहितीये, कारण मीही तेच केलं. सही ठोकली, फाइलला लावला, विसरलो. हे प्रकरण त्या सहीपासूनच सुरू होतं. ठिकाण आणि कंपनी सांगत नाही, आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत, पण काय कशानंतर झालं आणि कुठे चुकलो ते जसंच्या तसं आहे.

ट्रान्सफॉर्मर २५ एमव्हीए, ६६/११ केव्ही, मिनरल ऑइल साधारण १४ हजार लिटर, कन्झर्व्हेटर (वरची तेलाची छोटी टाकी) आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलवाला. एचव्ही, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या, बाजूला ऑफ सर्किट टॅप स्विच, म्हणजे वाइंडिंगचे फेरे कमीजास्त करून व्होल्टेज जुळवणारा, सप्लाय बंद करूनच फिरवायचा. सर्व्हिसला आठ वर्षं झालेली आणि आठही वर्षं टॅप ५ नंबरवर, एकदाही हलवलेला नाही. ही गोष्ट तेव्हा कोणाच्याही डोक्यात नव्हती. शेजारी अगदी तसाच जुळा भाऊ उभा आहे, दोघं मिळून लोड घेतात, म्हणून प्रत्येकावर नेहमी पन्नास टक्क्यांच्या आसपास.

वर्षातून एकदा तेलाचं सॅम्पल जायचं. पहिल्या सॅम्पलला (त्याला आपण सुरुवात धरू) हायड्रोजन १८, मिथेन १२, इथेन १०, इथिलीन ८, ॲसिटिलीन शून्य, कार्बन मोनॉक्साइड ३२०, कार्बन डायऑक्साइड १९००, सगळं पीपीएममध्ये. एका वर्षाने हायड्रोजन २४, मिथेन २२, इथेन १३, इथिलीन २२. आणखी एका वर्षाने हायड्रोजन ३८, मिथेन ४८, इथेन १८, इथिलीन ४७, ॲसिटिलीन ०.३, मोनॉक्साइड ३४५, डायऑक्साइड २१००.

आता हे २००८ च्या आयईईई सी५७.१०४ या मानकाच्या तक्त्याला लावून बघा, बऱ्याच ठिकाणी अजून तोच तक्ता भिंतीवर असतो. पहिल्या कंडिशनची मर्यादा हायड्रोजन १००, मिथेन १२०, इथिलीन ५०, इथेन ६५, ॲसिटिलीन १, मोनॉक्साइड ३५०, आणि सगळे ज्वलनशील गॅस मिळून ७२०. आमची बेरीज पाचशेच्या आत. एकही आकडा बाहेर नाही. आयईसी ६०५९९ या दुसऱ्या मानकातले वर्षाला वाढीचे नेहमीचे आकडे घेतले तरी इथिलीनला ३२ ते १४६ चालतं आणि आमचं वाढलं २५. म्हणजे लॅबवाल्याने नॉर्मल लिहिलं ते काही खोटं नाही, तक्त्यानुसार ते नॉर्मलच होतं.

पण तीन ओळी एकाखाली एक लिहून नुसतं इथिलीन वाचलं असतं तरी पुरलं असतं. ८, २२, ४७. पहिल्या वर्षी १४ ने वाढलं, दुसऱ्या वर्षी २५ ने, लोड तेच, तेल तेच. आणि इथिलीनला इथेनने भागलं तर सुरुवातीला ०.८, मग १.७, मग २.६. हा रेशो म्हणजे गरीब माणसाचा थर्मामीटर. तेल साधारण तीनशे अंशांच्या आत तापलं तर मिथेन इथेन जास्त सुटतात, त्याच्या वर गेलं की इथिलीन पुढे यायला लागतं, आणि सातशेच्या वर इथिलीन दादागिरी करतं नि सोबत चिमूटभर ॲसिटिलीन येतं. छोट्या आकड्यांवर रेशो काढू नये असं म्हणतात आणि ते बरोबरच आहे, २२ आणि १३ वर रेशो काढून कोणी निदान करू नये, पण रेशो एकाच दिशेने सरकत असेल तर निदान डोळे तरी उघडावेत. मी उघडले नाहीत.

खरी मेख यापुढे आहे. तेलात जुना गॅस आधीच असतो, त्यामुळे एकूण आकड्यांवर रेशो काढला की नवा फॉल्ट जुन्या गॅसमध्ये पातळ होऊन दिसतो. फक्त वाढ घ्या. दुसऱ्या वर्षात इथिलीन २५ ने वाढलं, इथेन ५ ने. रेशो ५. आयईसीच्या कोष्टकात ४ च्या वर म्हणजे टी३, सातशे अंशांच्या वरचा थर्मल फॉल्ट. एकूण आकड्यांवर २.६, म्हणजे टी२, म्हणजे एक पायरी खाली. एकच सॅम्पल, फक्त वजाबाकी केली म्हणून निदान बदललं. (आकडे लहान आहेत हे परत सांगतो, तेव्हा यावर कोणी शटडाऊन मागू नये, पण पुढचं सॅम्पल बारा महिन्यांऐवजी दोन महिन्यांनी तरी घ्यावं.)

आम्ही काय केलं? तेलात पाणी थोडं जास्त आलं होतं म्हणून फिल्टरेशन करून घेतलं. व्हॅक्यूमखाली गरम करून तेल फिरवलं, पाणी गेलं आणि सोबत गॅसही गेले, इथिलीन ४७ वरून ३ वर. मशीनवाला खुश, आम्ही खुश. तेल नवं झाल्यासारखं दिसतं ना, पण जिथे काही तापत होतं ते तिथेच होतं, आम्ही फक्त त्याचा पुरावा धुऊन टाकला होता.

सहा महिन्यांनी फिल्टरेशननंतरचा चेक म्हणून सॅम्पल गेलं. हायड्रोजन २०, मिथेन ३१, इथेन ९, इथिलीन ३६, ॲसिटिलीन ०.४, मोनॉक्साइड ७०, डायऑक्साइड ६००. रिपोर्टवर शेरा: मागील वर्षाच्या तुलनेत सुधारणा. ४७ होतं, ३६ झालं, मग सुधारणाच की! आमच्या शिफ्टमधल्या एका पोराने मला विचारलं, "सर, पण फिल्टरेशननंतर तर ३ होतं ना?" तो रिपोर्ट त्याच्या हातात होता, माझ्याकडे मागच्या वर्षीचा होता. इतकंच. तिथून पुढे सगळं उलगडलं.

सहा महिन्यांत ३३. वर्षाला धरलं तर ६६ च्या घरात, म्हणजे आधीच्या अडीचपट. इथे एक गोष्ट वजा करायला हवी जी नेहमी विसरली जाते: वाइंडिंगच्या इन्सुलेशनच्या कागदात आणि प्रेसबोर्डमध्ये (जाड पुठ्ठ्यात) मुरलेलं तेल फिल्टरेशनमध्ये पूर्ण धुतलं जात नाही, त्यातला जुना गॅस पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू मोकळ्या तेलात परत येतो. मुरलेलं तेल एकूणच्या दहाव्या भागाएवढं धरलं तर ४७ चा दहावा भाग, म्हणजे पाचेक पीपीएम तसेच आले असतील. उरले २८. ते नवे. मग मी ग्राफ काढला आणि फिल्टरेशनच्या जागी रेघ खाली न आणता पुढची वाढ आधीच्या ४७ वर रचत गेलो. रेघ सरळ पण नव्हती, वर वाकत होती.

लगेच दुसरं सॅम्पल घेतलं, दोन सिरिंज, एकाच व्हॉल्व्हमधून. एक ३६, एक ३७. लॅबचा आकडा दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो म्हणून एका सॅम्पलवर उड्या मारू नयेत, पण दोन्ही जुळले की मग बहाणा राहत नाही.

आता प्रश्न, तापतंय काय? थर्मल फॉल्ट म्हणजे गरम धातू, पण कुठला धातू? दोन मोठे गट आहेत. एक, कोअरचा, म्हणजे मधल्या लोखंडी गाभ्याचा, मामला, म्हणजे कोअरला दोन ठिकाणी अर्थ मिळून फिरता करंट वाहणं किंवा पत्र्यांचं इन्सुलेशन जाणं, हे व्होल्टेजवर अवलंबून, लोड असो नसो चालूच राहतं. दुसरा, करंटच्या वाटेवरचा मामला, म्हणजे टॅपचे कॉन्टॅक्ट, लीडचे जोड, बुशिंगच्या (टाकीतून तार बाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरच्या) खालचं कनेक्शन, किंवा लीकेज फ्लक्सने, म्हणजे बाहेर निसटलेल्या चुंबकीय क्षेत्राने, तापलेले क्लॅम्प आणि बोल्ट, हे लोडबरोबर वरखाली होतं. म्हणजे लोड बदलून बघितलं की अर्धं उत्तर मिळतं. कोअरच्या अर्थिंगची तार टाकीबाहेर आणलेली होती म्हणून तिच्यातला करंट मोजला, ३ मिलिॲम्पिअर. शंभरच्या खाली चांगलं मानतात, हे तर काहीच नाही.

लोडचा प्रयोग आम्हाला मुद्दाम करावा लागला नाही. जुळ्या भावाचं बुशिंग बदलायचं काम आधीच ठरलेलं होतं, सहा आठवडे तो बंद, सगळं लोड आमच्यावर, ५० टक्क्यांवरून ९५ टक्के. मी मीटिंगमध्ये विरोध केला, तर उत्पादनवाल्या साहेबांनी सरळ विचारलं, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना तुमचा?" आता काय सांगणार, खाली सही माझीच. शेवटी तडजोड झाली, काम होईल पण दर आठवड्याला सॅम्पल, आणि ॲसिटिलीन ५ च्या वर गेलं किंवा मोनॉक्साइडने उसळी मारली तर ट्रान्सफॉर्मर बंद, तेव्हा कोणी प्रश्न विचारायचे नाहीत. हे दोनच का, तर ॲसिटिलीन वाढणं म्हणजे कॉन्टॅक्ट सुटून आर्किंग सुरू झालं असण्याची शक्यता, आणि मोनॉक्साइड वाढणं म्हणजे कागद जळायला लागला. गरम कॉन्टॅक्ट बदलता येतो, जळलेल्या कागदाचं वाइंडिंग जागेवर बदलता येत नाही.

इथिलीन आठवड्यागणिक असं गेलं: ३७, ५०, ६३, ७७, ९०, १०४, ११८. आठवड्याला तेरा-चौदा. आधी सहा महिन्यांत ३३, म्हणजे आठवड्याला सव्वा. दहापट! करंट १.९ पट झाला, म्हणजे उष्णता वर्गाच्या हिशोबाने ३.६ पट, आणि गॅस दहापट, कारण तेल फुटण्याचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, झपकन वाढतो.

मधे तिसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. हायड्रोजन २०, २८, ३५ असं चढत होतं आणि एकदम ११ आलं. बाकी गॅस मात्र वाढलेलेच. लगेच एकाने थिअरी मांडली की डिस्चार्ज होता तो थांबला. डिस्चार्ज वगैरे काही नव्हतं. सिरिंजचा दट्ट्या घट्ट झालेला, आत बुडबुडा, आणि सिरिंज चार दिवस टेबलावर पडलेली. हायड्रोजन तेलात मुळात कमी विरघळतो, बुडबुडा दिसला की तोच आधी पळून बसतो, इथिलीन मात्र तेलाला चिकटून राहतं. नवीन सॅम्पल घेतलं तर हायड्रोजन ४२. तेव्हापासून नियम केला, तळाच्या व्हॉल्व्हमधून दोन-तीन लिटर तेल आधी सोडून द्यायचं, थ्री वे कॉकवाली काचेची सिरिंज, दट्ट्या तेलाच्या दाबानेच मागे सरकला पाहिजे, ओढायचा नाही, उजेडापासून झाकायची, त्याच दिवशी पाठवायची, आणि लेबलवर तेलाचं तापमान आणि त्या वेळचं लोड लिहायचं. ट्रेंड बघायचा तर लॅब पण एकच ठेवायची, दोन लॅबचे आकडे एका ग्राफवर टाकले की नसलेला फॉल्ट दिसतो नाहीतर असलेला लपतो.

सहाव्या आठवड्याचं पूर्ण सॅम्पल: हायड्रोजन ६२, मिथेन १०४, इथेन २५, इथिलीन ११८, ॲसिटिलीन १.६, मोनॉक्साइड ७८, डायऑक्साइड ६८०. आयईसीचे तीन रेशो लावले तर ॲसिटिलीन भागिले इथिलीन ०.०१, मिथेन भागिले हायड्रोजन १.७, इथिलीन भागिले इथेन ४.७, सरळ टी३. मिशेल डुव्हाल यांनी हायड्रो-क्वेबेकमध्ये असताना १९७४ मध्ये काढलेला त्रिकोण मला जास्त आवडतो कारण तो "निदान होत नाही" असं म्हणून हात वर करत नाही, त्यात मिथेन ४६, इथिलीन ५३, ॲसिटिलीन १ टक्क्याच्या आत, म्हणजे टी३ च्या खणात, सीमेच्या जरा आत. पण त्रिकोणाची एक खोड आहे, फॉल्ट नसलेल्या ट्रान्सफॉर्मरचे आकडे टाकले तरी तो कुठला ना कुठला फॉल्ट सांगतोच. म्हणून आधी ट्रेंडवरून ठरवायचं की फॉल्ट आहे, मगच त्रिकोणाकडे जायचं. बरेच जण उलटं करतात.

मोनॉक्साइड ७० चं ७८, डायऑक्साइड ६०० चं ६८०. म्हणजे कागद शांत. उघड्या धातूवर तेल जळतंय, कागदाला झळ नाही. ही सगळ्यात चांगली बातमी होती.

एक प्रश्न हमखास येतो, बुखोल्झ रिले (टाकीतून वर येणारा गॅस साठला की अलार्म देणारा) का नाही वाजला? हिशोब करून बघा. सहा आठवड्यांत मोनॉक्साइड सोडून ज्वलनशील गॅस वाढले साधारण २१४ पीपीएम, गुणिले १४ हजार लिटर, म्हणजे तीन लिटर. बेचाळीस दिवसांत तीन लिटर, दिवसाला सत्तर मिली. आणि त्यात इथिलीन, इथेन असे तेलात छान विरघळणारे गॅस, ते वरपर्यंत पोचतच नाहीत, वाटेतच तेलात जिरतात. तेलाचं तापमान दाखवणारा काटाही काही सांगेना, कारण पूर्ण लोडला एकूण लॉस शंभर किलोवॅटच्या वर आणि फॉल्टची उष्णता त्यात मावून गेलेली. थर्मल कॅमेऱ्याने टाकी, बुशिंग सगळं बघितलं, काही नाही. आत बघणारं एकच साधन होतं, तेल.

जुळा भाऊ परत आला, लोड पुन्हा ५० वर. पुढच्या तीन आठवड्यांत इथिलीन ११८, ११९, १२१. थांबल्यासारखंच. व्होल्टेज या सगळ्या काळात तेवढंच होतं. कोअर संशयातून सुटला, करंटची वाट सापडली.

ठरलेल्या शटडाऊनला वाइंडिंग रेझिस्टन्स मोजला. एचव्ही, टॅप ५ वर तीन फेज: ०.४१२, ०.४११, ०.४२७ ओहम. दोन टक्क्यांच्या आत फरक चालतो, इथे तिसरा फेज चार टक्के जास्त. टॅप ४ आणि ६ वर तिन्ही फेज जुळले. म्हणजे वाइंडिंग ठीक, लीड ठीक, ५ नंबरचा कॉन्टॅक्ट गेला. हा जास्तीचा १६ मिलिओहम बघायला काहीच नाही, पण ९५ टक्के लोडला एचव्हीचा करंट २०८ ॲम्पिअर, त्याचा वर्ग गुणिले ०.०१६, म्हणजे जवळपास ७०० वॅट. एक कपड्यांची इस्त्री, नखाएवढ्या जागेत, तेलात बुडवून. पन्नास टक्के लोडला तेच १९० वॅट.

टॅप स्विच दहा-बारा वेळा पूर्ण फिरवला की कॉन्टॅक्ट घासून साफ होतात, तो उपाय आधी केला. ०.४२७ वरून ०.४१७. सुधारलं, पूर्ण नाही. इथे वाद झाला. एक मत होतं की तेवढं पुरे, लोड कमी ठेवून चालवू. माझं मत, जे घासून जात नाही ते काळं झालेलं नाही, खड्डे पडलेलं आहे, आणि ते परत वाढणार. मी अडून बसलो, आधीची सही आठवत होती म्हणून असेल. तेल काढून माणूस आत उतरवला. तिसऱ्या फेजच्या हलत्या कॉन्टॅक्टची दोन बोटं काळी ठिक्कर, वर कडक कोक बसलेला, एका स्प्रिंगचा दाब गेलेला, चांदीचा मुलामा उडून खाली खड्डे. वर्षानुवर्षं न हलणाऱ्या कॉन्टॅक्टवर आधी पातळ थर बसतो, त्याने रेझिस्टन्स वाढतो, त्याने उष्णता, उष्णतेने तेल जळून कोक, कोकने आणखी रेझिस्टन्स. स्वतःचंच शेपूट धरून वाढणारा फॉल्ट. शेजारचा कागद नुसता पिवळसर, जळलेला नाही, मोनॉक्साइडने सांगितलं तसंच.

कॉन्टॅक्टचा पूर्ण सेट बदलला, तिन्ही फेजचा, रेझिस्टन्स ०.४११ च्या आसपास तिघांचा आला, मग तेल व्हॅक्यूमखाली फिरवून भरलं. इथिलीन ३. एका आठवड्याने ८ आलं तेव्हा कंट्रोल रूममधून घाबरून फोन आला, "सर, परत सुरू झालं!" महिन्याने १२. या वेळी मात्र हिशोब आधीच करून ठेवला होता, १२१ चा दहावा भाग म्हणजे बारा, कागदातून एवढं परत येणारच, त्यापुढे गेलं तर काळजी. दोन महिन्यांनी १२, सहा महिन्यांनी १३, मधे पंधरा दिवस ९० टक्के लोडवर चालवूनही.

जुळ्या भावाचा टॅपही पहिल्या संधीला फिरवून घेतला, तिन्ही फेज अर्ध्या टक्क्याच्या आत निघाले, पण त्याचं इथिलीन मागच्या वर्षी ९ होतं आणि यंदा १४ आहे. तक्त्यात नॉर्मल. सॅम्पल दोन महिन्यांनी परत लावलंय.